चौकडी की जोडी

रविवारी सकाळी सासूबाईंनी जपूनरावांच्या जेवणाच्या टेबलावर दोन मोटारसायकली ठेवल्या. खऱ्या नव्हे, माहितीपत्रकातल्या. पण गुळगुळीत कागदावर त्या अशा आवेशाने झुकलेल्या होत्या की जपूनरावांनी आपला चहाचा कप नकळत चार बोटं मागे सरकवला.

"यातली कुठली घ्यावी?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

जपूनरावांनी बायकोकडे पाहिलं. बायको शाळेत गणित शिकवायची, आणि फळ्यावर दोन अधिक दोन पाच लिहिणाऱ्या मुलाकडे ती जशी बघत असेल तशी ती आपल्या आईकडे बघत होती.

जपूनराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा दुसऱ्यांचे अपघात वाचायचे, त्यावर शेरे मारायचे आणि फायली पुढे सरकवायच्या, हा त्यांचा बावीस वर्षांचा उद्योग. कोण शिडीवरून पडलेला, कोण साबणावरून घसरलेला, एक गृहस्थ तर शिंकताना खुर्चीसकट उलटलेले. या वाचनाचा परिणाम असा की निरोप घेताना चारचौघांसारखं 'येतो' म्हणायच्या ऐवजी ते 'जपून' म्हणत. लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला जपून, बाहेर पडणाऱ्यालाही जपून. लोकांनी त्यालाच राव जोडला. अशा माणसाच्या टेबलावर त्या दोन गाड्या होत्या.

सासूबाई एकसष्ट वर्षांच्या. वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. बाजारातले तराजू, पेट्रोल पंपावरची मापं, लाकडाच्या वखारीतले काटे तपासत त्या एकतीस वर्षं सरकारी मोटारसायकलवर हिंडल्या. त्या आल्याची बातमी लागली की दुकानदार आधी वजनं पुसायचे, मग कपाळ. निवृत्तीच्या दिवशी ती गाडी सही करून भांडारात जमा झाली आणि सासूबाई बसने घरी आल्या. सव्वा वर्ष त्यांनी बसने काढलं. बस ही वस्तू चांगली आहे, असं त्यांचं मत झालं, फक्त ती आपल्याला पाहिजे तिथे वळत नाही.

"आता मला कामाची गाडी नको," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर चालवायला आनंद वाटेल अशी हवी. आयुष्यभर गाडीने मला कामाला नेलं. आता नुसतंच नेऊ दे."

त्या गेल्यावर बायकोने जपूनरावांना स्वयंपाकघरात गाठलं आणि आईला समजावण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवली. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल, जावयाचा काही मान असतो की नाही, असं तिचं म्हणणं. हा मान नक्की कुठे ठेवलेला असतो हे जपूनरावांना लग्नाच्या सोळा वर्षांत सापडलं नव्हतं. पण असतो म्हणताहेत तर असेलही, असं मानून ते दुसऱ्या दिवशी ऑफिसातून गेल्या पाच वर्षांतल्या दुचाकी अपघातांचा तक्ता घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहत.

सासूबाईंनी तक्ता फार मन लावून वाचला. मग पेन्सिल घेतली.

"बेरीज चुकलीय," त्या म्हणाल्या. "चारशे सतरा नाही, चारशे सात. दहा माणसं तुम्ही उगाच पाडलीत."

जपूनरावांनी पुन्हा बेरीज केली. चारशे सात. माणूस एकदा हिशोबात चुकला की त्याचा उपदेशाचा अधिकार जातो, हे त्यांना बायकोकडून चांगलंच माहीत होतं. त्यांनी तक्त्याची घडी घालून तो खिशात ठेवला. ती संधी साधून सासूबाईंनी सांगितलं की उद्या साडेचारला दुकानात जायचं आहे, एकटी बाई गेली की ते लोक स्कूटर दाखवतात, तेव्हा तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर या आणि नुसते उभे राहा. नुसतं उभं राहण्यात कसला आलाय धोका, असं जपूनरावांना वाटलं. बहुतेक दाव्यांची सुरुवात याच विचाराने होते, हे ते त्या क्षणी विसरले.

आता त्या दोन गाड्यांविषयी. दोन्ही मधल्या ताकदीच्या. म्हणजे शर्यतीतल्या राक्षसांपेक्षा लहान, पण दूधवाल्याच्या गाडीसमोर उभ्या केल्या तर दूध नासावं अशा. एकीला चार सिलिंडर, दुसरीला दोन. सासूबाईंनी त्यांची लांबलचक परदेशी नावं आणि आकडे बाजूला ठेवून एकीला 'चौकडी' म्हटलं, दुसरीला 'जोडी'. चौकडी तांबडी, अंगाने सडपातळ, हँडल खाली; तिच्यावर बसणाऱ्याने तिच्यापुढे साष्टांग नमस्काराची तयारी ठेवायची. जोडी करड्या रंगाची, खांद्यात जरा रुंद, बसणाऱ्याला माणसासारखं बसू देणारी. चौकडीचा खरा जोर इंजिन किंचाळायला लागल्यावर निघायचा. जोडी मात्र पहिल्यापासूनच कंबर कसून कामाला लागायची.

ही माहिती जपूनरावांना सासूबाईंकडून नव्हे, तळमजल्यावरच्या दंतवैद्यांकडून मिळाली. दंतवैद्यांनी जन्मात मोटारसायकल चालवली नव्हती, पण रोग्याला भूल चढेपर्यंतचा सगळा वेळ ते मोटारसायकलींची चलच्चित्रं बघत. जिन्यात गाठून त्यांनी चौकडीची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, चौकडीवरचा वाकलेला मणका हीच माणसाची नैसर्गिक अवस्था आहे, मी स्वतः वीस वर्षं तशाच अवस्थेत उभा आहे. ते हे सांगत असताना त्यांचा एक हात कमरेवर होता.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने जोडीची कड घेतली. दंतवैद्य ज्याची बाजू घेतात त्याच्या विरुद्ध जायचं, एवढं एकच त्याचं कारण होतं, पण ते त्याने फार अभ्यासपूर्वक मांडलं. आठवड्याच्या आत दोघांचं बोलणं बंद झालं. दंतवैद्य रोग्यांना लांबच्या दुकानात पाठवू लागले आणि औषधवाला दाढदुखीवर परस्पर गोळ्या देऊ लागला. इमारतीत दोन तट पडले. पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी बोलावलेल्या बैठकीत टाकीचा विषय निघालाच नाही. गाडी सासूबाईंची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण सल्ला सगळे जपूनरावांना देत. सासूबाईंना सल्ला द्यायची कुणाची छाती नव्हती.

दुकानं रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर होती. चौकडीच्या दुकानातल्या विक्रेत्याने ठरल्याप्रमाणे जपूनरावांशी हस्तांदोलन केलं आणि साहेबांना रंग कुठला आवडेल, असं विचारलं. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून पोलादी टेप काढली आणि त्या गाडीशेजारी उकिडव्या बसल्या.

"सीटची उंची तुम्ही आठशे तीस मिलिमीटर लिहिलीय," त्या खालूनच म्हणाल्या. "आठशे बेचाळीस भरतेय."

विक्रेता म्हणाला की गाडीवर माणूस बसला की ती थोडी दबते. सासूबाईंनी जपूनरावांकडे पाहिलं. नुसतं उभं राहण्यासाठी आलेले जपूनराव अशा रीतीने गाडीवर बसले. गाडी दबली, पुन्हा टेप लागली, आठशे पस्तीस. मग सासूबाई स्वतः बसल्या. दोन्ही टाचा टेकत नव्हत्या. त्यांनी बूड किंचित एका बाजूला सरकवलं, डावा पाय जमिनीवर पूर्ण टेकवला, उजवा ब्रेकवर ठेवला आणि गाडी अशी सरळ धरली की जणू ती त्यांच्या घरातच वाढली होती. विक्रेत्याचा आवाज तिथून पुढे बदलला. त्याने जपूनरावांना खुर्ची दिली आणि नंतर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

वजनाचा प्रश्न असाच निघाला. एका पत्रकातलं वजन पेट्रोल भरून होतं, दुसऱ्यातलं टाकी रिकामी ठेवून. सासूबाईंच्या दृष्टीने ही गोष्ट शेजारणीचं वय आणि आपल्या मुलीचं वजन यांची तुलना करण्यासारखी होती. दोन्ही गाड्या टाक्या भरून एकाच काट्यावर चढल्या पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. विक्रेत्याने ट्रक तोलायचा काटा सुचवला. सासूबाई हसल्या. त्या काट्याला दहा किलोच्या खालचं काही दिसत नाही, त्याच्यावर गाडी तोलणं म्हणजे हत्तीच्या काट्यावर मेथी तोलणं. शेवटी सगळी वरात भंगारवाल्याकडे निघाली, कारण त्याचा जमिनीतला काटा शंभर ग्रॅमपर्यंत खरा आहे हे सासूबाईंना ठाऊक होतं. त्यावर शिक्का त्यांनीच मारला होता.

त्यांना दारात बघून भंगारवाला उभा राहिला आणि त्याने मनातल्या मनात पूर्वायुष्य तपासलं. कारण कळल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने काटा स्वतःच्या गळ्यातल्या पंच्याने पुसला. चौकडी एकशे ब्याण्णव, जोडी एकशे एकोणनव्वद. मागे बसणारा धरून किती भरतं हेही पाहू, म्हणून सासूबाईंनी जपूनरावांना एकट्यालाच काट्यावर चढवलं. मोठ्या लाल आकड्यांत त्यांचं वजन पंधरा-वीस अनोळखी माणसांसमोर लागलं. गेली सहा वर्षं ते सगळीकडे अठ्ठ्याहत्तर लिहीत होते. विम्याच्या अर्जातही. सासूबाईंनी वहीत शहाऐंशी पूर्णांक चार लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. त्यांच्या धंद्यात माप बोलतं.

घरी बायकोने प्रगती विचारली तेव्हा जपूनराव म्हणाले की प्रयत्न चालू आहेत. हे खरंच होतं. कोणाचे, ते तिने विचारलं नव्हतं.

यापुढे गाडी चालवून बघणं आलं, आणि त्यासाठी परवाना. सासूबाईंचा परवाना दुकानदाराने उलटसुलट पाहिला आणि मागच्या बाजूचा एक निळा शिक्का दाखवला. 'सरकारी कामापुरता.' इतकी वर्षं त्या शिक्क्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं, कारण इतकी वर्षं त्यांना दुसरं कामच नव्हतं. दोघं परिवहन कार्यालयात गेले. चार नंबरच्या खिडकीने सात नंबरला पाठवलं, सात नंबरने चारला, आणि जेवणाची सुट्टी संपल्यावर पाच नंबरच्या कारकुनाने निर्णय दिला.

"बाई, तुम्ही निवृत्त झालात ना? मग तुमचं मोटारसायकल येणंही निवृत्त झालं. नव्याने शिका."

म्हणजे शिकाऊ परवाना, गाडीच्या पुढेमागे तांबड्या अक्षराची पाटी, आणि चालवताना मागे एक अनुभवी परवानाधारक शिक्षक म्हणून बसलेला. जपूनरावांकडे मोटारसायकलचा परवाना होता. कॉलेजात मित्राच्या गाडीवर काढलेला, त्यानंतर त्यांनी मोटारसायकलला हात लावला नव्हता. पण परवान्याची मुदत मात्र ते न चुकता वाढवत आले होते, कारण उपयोग नसलेले कागद जिवंत ठेवणं हा त्यांच्या पेशाचा धर्म होता. कारकुनाने अर्जातल्या 'शिकवणाऱ्याचे नाव' या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. एकतीस वर्षं ऊनपावसात गाडी चालवलेल्या बाईचे गुरू म्हणून त्यांनी सही केली. सासूबाईंनी त्यांना गंभीरपणे वाकून नमस्कार करायचा आव आणला, तेव्हा मागच्या रांगेतले लोकसुद्धा हसले.

असल्या गाड्यांवर मागची सीट ही कंपनीने केवळ कायद्याच्या भीतीने ठेवलेली असते. चौकडीची सीट वापरून झिजलेल्या साबणाएवढी होती. तिच्यावर चढल्यावर जपूनराव सासूबाईंच्या डोक्याच्याही वर, पाटावर बसवलेल्या मूर्तीसारखे दिसू लागले. मग प्रश्न आला, धरायचं कुठे. बायकोला धरून बसतात हे त्यांनी पाहिलं होतं. सासूला कसं धरावं, हे कुठल्याच शिष्टाचारात लिहिलेलं नव्हतं. त्यांची अडचण ओळखून सासूबाईंनी कमरेला सामानाचा रुंद पट्टा बांधला आणि दोन्ही बाजूंच्या कड्या त्यांच्या हातात दिल्या.

"वळताना माझ्या खांद्यावरून पुढे बघत राहा," त्यांनी सांगितलं. "तुम्ही तुमच्या मनाने झुकू नका. तुम्ही पोतं आहात असं समजा."

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर चौकडी आधी शिवणयंत्रासारखी गुणगुणली, मग सुईच्या अग्रासारखी टोकदार किंचाळली, आणि जपूनरावांना आपलं पोट मागच्या मैलाच्या दगडापाशी राहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच गियरला वेगाची मर्यादा आली. सासूबाईंनी तिथेच हात आवरला. कायद्याच्या पलीकडे त्या एक काटाही गेल्या नाहीत, पण त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याचा जो क्षण होता तो त्यांनी परत परत, पाच वेळा घेतला. दुकानात उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि जवळजवळ दहा मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. ज्या बाईला रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाविषयीही मत होतं, तिचं असं गप्प होणं जपूनरावांनी प्रथमच पाहिलं.

जोडीवर ते घाटाच्या बाजूला गेले. तिसऱ्या वळणावर कुठल्याशा ट्रकमधून वाळू सांडली होती. ती दिसली तेव्हा गाडी आधीच झुकलेली होती. जपूनरावांच्या डोक्यात दाव्याचा मसुदा आपोआप सुरू झाला: सदर वाहन शिकाऊ परवानाधारक महिला चालवीत असून मागे बसलेला इसम हा तिचा जावई व शिक्षक. ते 'सदर इसमास' पर्यंत आले आणि गाडी वाळूच्या पलीकडे होती. सासूबाईंनी दचकून ब्रेक लावला नव्हता. वाळूच्या आधी गाडी सरळ केली, मोकळ्या पट्ट्यावर वेग उतरवला, वाळूवरून तिला तशीच सरळ, हलक्या हाताने जाऊ दिली आणि पुढे पुन्हा वळवून घेतली. सगळं मिळून शिंक येऊन जायला लागतो तेवढा वेळ. त्यांचे खांदे तसूभरही वर आले नव्हते. बावीस वर्षांत चारशे सातच्या वर अपघात वाचलेल्या जपूनरावांना तेव्हा कळलं की न झालेल्या अपघाताची फाईल कुठेच नसते. ती पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांसमोर उघडली होती.

सासूबाईंनी पुढे गाडी थांबवली, झुडपाची वाळकी फांदी तोडली आणि त्या वाळू झाडायला लागल्या. मागून येणारा पडेल, एवढंच म्हणाल्या. एक फांदी त्यांनी जपूनरावांनाही दिली. अर्धा तास सासू-जावयाने मिळून घाट झाडला.

परीक्षेच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी होती आणि जमिनीवर रंगाने काढलेला मोठा आठचा आकडा. पाय न टेकता, रेषेला न शिवता त्यातून जायचं. सासूबाईंच्या आधी एकवीस जण गेले, त्यातले सोळा नापास झाले. सासूबाई चालत्या माणसाच्या वेगाने, चहाची कपबशी घेऊन निघाल्यासारख्या गेल्या आणि आल्या. परीक्षक तरुण होता. त्याने खूश होऊन शेरा लिहायला घेतला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या आणि टेप काढली.

भिंतीवरच्या सरकारी पाटीवर आठाची मापं लिहिलेली होती. जमिनीवरचा आठ त्याहून जवळजवळ पाऊण हात लहान होता. कारणही त्यांनीच शोधलं. दरवर्षी रंगारी जुन्या रेषेच्या आतल्या अंगाने नवी रेषा ओढत आला होता आणि आठ वर्षानुवर्षं आक्रसत चालला होता. परीक्षकाने चार वेळा टेप धरून पाहिली. मग घाम पुसत म्हणाला की असं असेल तर आजच्या सगळ्या परीक्षा रद्द धराव्या लागतील. तुमचीसुद्धा.

"अर्थात," सासूबाई म्हणाल्या. "खोट्या मापाने पास होऊन मी काय करू?"

जपूनराव बाजूला उभे होते. त्यांना एकदम असं वाटलं की ही आपली सासू आहे हे ओरडून सांगावं, आणि ते गोरेमोरे होऊन खाली बघायला लागले. सोळा नापासांनी मात्र तसला संकोच केला नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने तर शिट्टी वाजवली, आणि सगळ्यांनी सासूबाईंचे फोटो काढले. आठ दिवसांनी नवा आठ रंगवला गेला, तेव्हा त्यातून सासूबाई पास झाल्या आणि सोळातले अकराही.

पण मधल्या काळात ते फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत दंतवैद्यांपर्यंत पोहोचले. त्यातल्या एकात, परतीच्या वाटेवर, तांबड्या पाटीची गाडी होती, सासूबाई पुढे आणि मागे कड्या धरून, डोळे गच्च मिटून, पोतं झालेले जपूनराव. दंतवैद्यांनी तो अभिमानाने जपूनरावांच्या बायकोला दाखवला. तिने दाखवल्याबद्दल आभार मानले. जपूनराव घरी आले तेव्हा तिने फक्त जेवायला वाढलं, आणि सोळा वर्षांच्या अनुभवावरून ते समजले की आता खरी परीक्षा आहे.

रविवारी दुपारी सासूबाई जेवायला आल्या. जेवण झाल्यावर त्यांनी वही उघडली. उंची, वजन, मनगटावरचा भार, वळण्याची जागा, पेट्रोल, सगळ्याचे रकाने होते आणि दोन्ही बाजूंची बेरीज जवळजवळ सारखी येत होती. बायकोने वही मिटली.

"तुम्हा दोघांना वाटतंय, तू पडशील म्हणून मी नको म्हणतेय," ती आईला म्हणाली. "पडण्याची भीती याला. मला तुझं गाडी चालवणं माहितीय."

"मग?"

"सहाला येते म्हणून जायचीस आणि आठला यायचीस. मी सात वर्षांची असल्यापासून खिडकीत बसायचे. वळणावर गाडीचा आवाज आला की पळत जाऊन पुस्तक उघडायचे. वाट बघत होते हे तुला कळू नये म्हणून."

सासूबाईंनी हातातली पेन्सिल वहीवर ठेवली. "मला वाटायचं, तुला अभ्यासाची फार आवड आहे," त्या म्हणाल्या.

"तू निवृत्त झालीस त्या दिवशी वाटलं, सुटले. आता कान लावून बसायला नको."

जपूनरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. या घरात सोळा वर्षं राहून ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि ज्यांची होती त्या दोघींनाही आजच एकमेकींकडून कळत होती. सासूबाईंनी पत्रकं गोळा करून पिशवीत घातली. राहू दे मग, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्यात रुसवा नव्हता.

"राहू दे कशाला?" बायको म्हणाली. डोळे पुसत होती तरी आवाज वर्गातलाच होता. "घे. तुला बसमध्ये बघवत नाही मला. पण येताना लांबून ऐकू येईल अशी घे."

सासूबाईंनी वही पुन्हा उघडली, सगळे रकाने पाहिले, आणि काठाला एक उभी रेघ ओढली. आवाजाचा रकाना त्यात नव्हता.

त्या शनिवारी दुपारी चार वाजता दोन्ही विक्रेते आपापली गाडी घेऊन पोस्टाच्या कोपऱ्यावर हजर झाले. एव्हाना सासूबाईंनी सांगितलं की करायचं, एवढं त्यांना कळलं होतं. बायको खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून बसली. सासूबाई प्रत्येक गाडीवरून तीनदा येणार होत्या, क्रम न सांगता, गल्लीतून येतात त्या सावकाश वेगाने. ऐकू आलं की बायकोने हात वर करायचा, आणि खिडकीत उभ्या असलेल्या जपूनरावांनी गाडी तेव्हा कुठे होती ते लिहायचं. सगळी इमारत गॅलरीत उभी होती. औषधवाला दुकान सोडून आला होता आणि दंतवैद्यांच्या शेजारी उभा राहिला होता, कारण तिथूनच नीट दिसत होतं.

चौकडी सावकाश चालवली की जवळजवळ गप्पच असते. चपला हातात घेऊन येणाऱ्या पाहुण्यासारखी ती फाटकापर्यंत आली तेव्हा बायकोचा हात वर झाला. एकदा तर गाडी खाली येऊन उभी राहिली तरी हात मांडीवरच. जोडीच्या वेळी मात्र गल्ली पूर्ण रिकामी असताना हात वर गेला. जपूनरावांना वाटलं, चुकली. त्यांनी कान देऊन ऐकलं, काहीच नव्हतं. मग कोपऱ्यापलीकडून ती धडधड आली, एक ठोका जड आणि एक हलका, आणि तिच्या मागून जोडी. तिन्ही वेळा तसंच झालं.

जपूनरावांनी वरून आकडे वाचून दाखवले. सासूबाईंनी ते लिहून घेतले. मग त्या चौकडीपाशी गेल्या, तिच्या तांबड्या टाकीवर तळवा ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि तिची किल्ली विक्रेत्याला परत दिली.

"जोडी," त्या म्हणाल्या.

दंतवैद्य काही बोलणार होते. औषधवाल्यानेच त्यांचा दंड धरला आणि मान हलवली.

जिन्यात जपूनराव त्यांच्या मागे गेले. "आई, तुम्हाला चौकडी आवडली होती," ते हळूच म्हणाले.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "फार." आणि दोन पायऱ्या चढून त्यांनी विचारलं, चहा टाकलाय का.

आता जोडीला तीन महिने झाले. आठवड्यातून दोनदा सासूबाई सकाळी निघतात, डोंगरापलीकडे कुठेतरी जाऊन येतात आणि परतताना आधी मुलीकडे थांबतात. कुठे गेला होतात म्हणून विचारलं तर रस्त्याचं वर्णन करतात, गावाचं नाव बहुतेक वेळा विसरलेल्या असतात. जपूनराव अजूनही मागे बसतात कधीकधी, डोळे उघडे ठेवून. ऑफिसात त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. पण परवा एका तरुण सहकाऱ्याने मोटारसायकल घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला वळणावर वाळू आली तर काय करायचं ते अर्धा तास समजावलं.

काल दुपारी ते सुट्टीवर घरीच होते. बायको टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होती. मध्येच तिचं लाल पेन थांबलं.

"आली," ती म्हणाली.

जपूनराव गॅलरीत गेले. गल्ली ओस पडलेली होती. त्यांनी कानामागे हात धरला. दंतवैद्यांच्या दवाखान्यातलं यंत्र, कुठेतरी नळ, बाकी काही नाही. ते तसेच उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने कोपऱ्यापलीकडून तो जड-हलका ठोका त्यांनाही ऐकू आला. सांगायला म्हणून ते आत वळले. खुर्ची रिकामी होती, पेनाचं टोपण उघडंच होतं. दार सताड उघडून बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती.